एका घराच्या सात डब्या

मिलिंद, त्या सातही डब्या एकाच बाईच्या होत्या.

हे वाक्य मी तुझ्यासमोर चार वेळा ओठांपर्यंत आणलं आणि चारही वेळा चहाच्या घोटाबरोबर परत खाली ढकललं. लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवणारा आणि उरलेल्या वेळात जिथं माईक दिसेल तिथं उभा राहून गोष्टी सांगणारा माणूस मी. सेवापूर्ती समारंभात निवृत्त होणाऱ्यालासुद्धा स्वतःच्या भाषणाआधी माझी गोष्ट ऐकायची असते. ज्या माणसाला सगळ्या जिल्ह्यात गप्प बसवणं अवघड, तो तुझ्यापुढं दीड वर्ष गप्प बसला. तू जाऊन महिना होत आला आणि आता मी कागद घेऊन बसलोय. बसलोय म्हणजे काय, हे लिहिताना तीनदा उठलो, एकदा गच्चीवर जाऊन आलो, एकदा विनाकारण चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेलो.

तुझं शिक्षण, तुझी पदं, तुझे शोधनिबंध हे सगळं नांदेडला तुमच्या विभागाच्या फलकावर छापून लागलंय. फोटो असा निवडलाय की एखाद्या लग्नात जेवणाची पंगत हुकल्यासारखा दिसतोस. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला डब्यांचं सांगायचंय.

आठवतं, तू लातूरला आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतास आणि अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला होतास, "सुध्या, लोकं थुंकी देतात रे. शी देत नाहीत." माझ्या बायकोनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि ती बाहेर निघून गेली. मी मात्र खुर्ची पुढं ओढली. अहमदपूरच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासून तुझ्या तोंडून इतकं रंजक वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मग तू समजावून सांगितलंस. तुझा प्रश्न साधा होता. माणसाला आईबापाकडून जनुकं मिळतात आणि ती मरेपर्यंत बदलत नाहीत. पण पोटात जे कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ते काही जन्मताना आईकडून येतात, बाकीचे नंतर घरातून, ताटातून, पाण्यातून, ज्यांच्यासोबत आपण राहतो त्यांच्याकडून. मग तब्येत कुणाच्या हातात? तू म्हणालास, दोघांच्या, आणि दोघं सतत एकमेकांचं काम सावरत किंवा बिघडवत असतात. मला कळेना, तेव्हा तू ओट्यावरचं दुधाचं पातेलं दाखवलंस. लहानपणी सगळ्यांच्या आतड्यात दुधातली साखर तोडणारा एक पाचकरस असतो. मोठेपणी काहींचं जनुक म्हणतं, चालू ठेव. पुष्कळांचं म्हणतं, आता बंद. ज्याचा बंद झाला त्यानं दूध प्यालं की ती साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथं पुढचं सगळं बसलेल्या जंतूंवर. काही जंतू तिचा गॅस करून पोटाचा नगारा वाजवतात. काही मुकाट्यानं खाऊन टाकतात, मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणजे जनुक अगदी एकसारखं असलेली दोन माणसं, एकाला दूध चालतं आणि दुसऱ्याला नाही.

आणि मग तू ते वाक्य बोललास, ज्यानं मी तुझा गडी झालो. "सुनेचं जनुक माहेरचं. पण दहा वर्षं सासरी जेवल्यावर तिचं पोट कुणाचं?"

मी म्हणालो, चल, कुठल्या गावाला जायचंय?

किनवटकडच्या त्या पहिल्या गावात तू तक्ता लावून 'मलाचा नमुना' या विषयावर वीस मिनिटं बोललास. मी झाडाखाली बसून मोजत होतो. लोक एकेक करून उठत होते. शेवटी एक आजी उरली. ती तुला म्हणाली, "मास्तर, एवढे शिकलेले तुमी, अन् हे काय मागत फिरून राहिलाव?" तेव्हा मी उठलो. तुझ्या हातातली डबी घेतली, तळहातावर ठेवली आणि लोकांना परत बोलावलं. म्हटलं, या डबीत एक अख्खं गाव मावतं. त्या गावाला सरपंच आहे, त्याला दूध आवडतं. एक उपसरपंच आहे, तो नुसता हवा सोडतो. एक ग्रामसेवक आहे, तो आठवड्यातून एकदाच काम करतो आणि त्या दिवशी घरधन्याचे काय हाल होतात ते मी करून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. त्या दिवशी तुझ्या डब्या कमी पडल्या.

परत येताना जीपमध्ये तू तोंड फुगवून बसला होतास. मग म्हणालास, "चूक सांगितलंस. जंतूंना सरपंच नसतो."

"म्हणूनच तुझ्या डब्या रिकाम्या परत येतात," मी म्हणालो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, माझ्या वडलांना पित्त, आजोबांना पित्त, मला पित्त, आमच्या घराण्याचंच पोट तसं आहे. 'घराणं' हा शब्द आला की तुझ्या कपाळावर आठी पडायची. तू म्हणायचास, तुझ्या आजोबांनी, वडलांनी आणि तू एकाच चुलीवरचं तिखट खाल्लंय, ते तू हिशेबात धरत नाहीस आणि सगळं रक्तावर ढकलतोस. रक्ताचा एवढा काय अभिमान? मी चिडवायला म्हणायचो, तुला जनुकांचा रागच आहे. तू म्हणायचास, जनुकांचा नाही, घराण्यांचा आहे.

त्या आठीमागचं मला ठाऊक होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहितो. नववीत असताना तू आमच्या घरी आलास, तेव्हा माझ्या आईनं तुला ज्या कपात चहा दिला तो ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तू प्यालास, बाहेरच्या नळावर धुतलास आणि बरोबर त्याच कोनाड्यात परत ठेवलास. कुठं ठेवायचा ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी दारात उभा होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत नेहमीसारखे आपण एकाच डब्यातून जेवलो, तुझ्या आईचा ठेचा माझ्या डोळ्यांतून पाणी काढत होता, आणि दोघंही त्या कपाबद्दल काही बोललो नाही. एका चुलीचं खाणाऱ्यांची पोटं एक होतात हे सिद्ध करायला निघालेला पन्नाशीचा मिलिंद जेव्हा मी पाहिला, तेव्हा मला तो कप दिसत होता. तुला दिसत होता की नाही, विचारलं नाही.

आता हिमायतनगरच्या पुढच्या त्या घराकडं येतो.

आबा, त्यांचे तीन मुलगे, तीन सुना. सात माणसं, पाच म्हशी. आबांच्या घरी आलेल्याला पाणी नंतर मिळायचं, आधी दुधाचा पेला. थुंकी सगळ्यांनी अंगणात आपल्यासमोर बसून नळीत दिली. आबांना तोंड कोरडं पडलं म्हणून लिंबू चाटवावं लागलं. डब्या रात्रभर ठेवून सकाळी घ्यायच्या होत्या. सकाळी थोरल्या सूनबाईंनी, शांताबाईंनी, सातही डब्या नावानिशी, बाहेरून धुऊन, कॅरीबॅगेत गुंडाळून तुझ्या हातात दिल्या. तू बर्फाच्या पेटीशी बसून एकेकीवर सुबक अक्षरात क्रमांक घालू लागलास. मी चहा आणायला आत गेलो.

शांताबाई पन्नाशीला टेकलेल्या, घराचा सगळा कारभार ज्यांच्या कमरेच्या किल्ल्यांवर चालतो अशा. त्यांनी पदर सावरला, बाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, एक सांगते, रागाला जाऊ नका. सातीच्या साती माझ्याच हायती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आबाचं पोट आठ दिवस झाले बिघडलंय. धाकलीचं तर बारा महिने. असलं पाव्हण्याच्या हातात द्यायचं व्हय? माझं घड्याळावाणी हाय. चांगलं होतं ते सातीत घातलं."

मिलिंद, मी दाराची चौकट धरून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. मराठवाड्याचा पाहुणचार मी उभं आयुष्य पाहिलाय, पण संक्रांतीचं वाण वाटावं तसं त्या बाईनं ते सात जणांच्या नावानं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, साहेबाला सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. मी तोंडावर बोट ठेवलं. मनात म्हटलं, ही गोष्ट मिलिंदला जीपमध्ये अशी काही रंगवून सांगतो की तो स्टिअरिंग सोडेल.

आणि जीपमध्ये तू म्हणालास, "सातपैकी सात. सुध्या, अजून एकाही घरानं सगळ्यांचं दिलं नव्हतं." तू गुणगुणत होतास. तू, ज्याला सूर कशाशी खातात माहीत नाही. मी म्हटलं, भोकरला चहा घेऊ तेव्हा सांगू. भोकर गेलं. मग म्हटलं, नांदेडला उतरताना सांगू. मग दिवाळीत. मला वाटत होतं, गोष्ट कुठं पळून जाते?

काही महिन्यांनी तुझा फोन आला. मी लातूरच्या बसस्थानकावर उभ्याउभ्या भजी खात होतो. तू कधी आवाज चढवत नाहीस, त्या दिवशी पलीकडून ओरडत होतास. सातही जणांच्या पोटातले जंतू एक. सुनांसकट. धाकटीचं लग्न होऊन तीनच वर्षं झालीत, तिचं जनुक म्हणतंय दूध नको, आणि पोटात दूध मुकाट खाणारे जंतू ठासून भरलेत. घरानं तिला आपलं करून घेतलं, जनुकाला बाजूला सारून. तू म्हणालास, "ऐकतोयस ना?"

मी हातातलं भजं परत कागदात ठेवलं. म्हणालो, "वा."

इतकं लहान भाषण मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

का नाही सांगितलं? आजवर स्वतःला मी बरीच उत्तरं दिली. बाईला शब्द दिला होता. फोनवर कसं सांगणार. पण खरं उत्तर एवढंच की तू जे चाळीस वर्षं शोधत होतास ते तुला मिळालं होतं, आणि ते मी हिसकावून घेऊ शकत नव्हतो. एका आकड्यावर तीनदा शंका घेणारा तू, तुला शंका आली नाही, कारण तुला ते खरं असायला हवं होतं. मला वाटलं, असू दे की. कुणाचं काय बिघडतंय?

कुणाचं बिघडतंय ते पुढच्याच महिन्यात कळलं. तुझा नियमच होता, ज्यांचं घेतलं त्यांना निकाल घरी जाऊन सांगायचा. मी नको म्हणत होतो. तू मला ओढून नेलंस. अंगणात सगळे बसले. आबा बाजेवर. धाकटी रेखा तुळशीपाशी उभी, वाळलेली, डोळ्यांखाली काळं. तू आनंदानं, प्रेमानं, तुझ्या त्या मास्तरी मराठीत सांगितलंस की या घरातली सगळी पोटं एक झाली आहेत, आणि धाकट्या सूनबाईंच्या पोटात तर दूध पचवणारे जंतू भरपूर आहेत.

आबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का रेखा? तीन वर्सं झाली, पोट दुखतंय, पोट फुगतंय, म्हशीच्या घरात येऊन दुधाला नाक मुरडती. आता सायन्सच म्हनून राहिलंय. उद्यापासून पेलाभर, रोज, माझ्यासमोर."

तू हसलास. तुला काय माहीत. शांताबाई जमिनीकडं पाहत होत्या. आणि रेखानं तुझ्याकडं पाहिलं नाही, आबांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. तिला ठाऊक होतं की तिच्या डबीत तिचं काहीच नव्हतं. मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. जाऊबाईंनी सांगितलं असणार. सासऱ्यासमोर तिनं काय म्हणायचं? की ती शी माझी नव्हे? ती मला बोलायला सांगत होती. माईक नसला तरी दोनशे माणसांना ऐकू जाईल असा माझा आवाज. मी घसा खाकरला आणि आबांना विचारलं, यंदा म्हशींचे भाव काय आहेत.

तेव्हापासून तुझ्याशी बोलताना माझं तोंड कडू व्हायचं. तू प्रत्येक भाषणात ते घर सांगायचास. मी श्रोत्यांत असलो तर आवर्जून माझ्याकडं हात करायचास. आणि तिकडं ती रोज एक पेला दूध पिऊन मागच्या दारानं जात असणार, हे माझ्या डोक्यातून जायचं नाही. विनोदाची आणखी एक मजा असते, मिलिंद. तो वेळेत सांगितला नाही तर त्याचा गुन्हा होतो.

तू जाण्याआधी तीन दिवस तुझा फोन आला. आवाज शांत होता. म्हणालास, "ये एकदा नांदेडला. हिमायतनगरच्या घराबद्दल विचारायचंय." मी म्हणालो, गॅदरिंगं चालू आहेत, पुढच्या आठवड्यात येतो. तू म्हणालास, ये, घाई नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात सुनंदावहिनी माझ्याजवळ आल्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. "भाऊजी, ह्यांची ती सात डब्यांची गोष्ट सांगा ना. त्यांना लई आवडायची." मी माईक हातात घेतला. समोर तुझे विद्यार्थी, तुझी मुलगी, अहमदपूरहून आलेले तुझे थोरले भाऊ. मी किनवटच्या सरपंचाची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत हसले. मी खाली उतरलो तेव्हा मला कुणाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं.

तिथंच सुषमानं मला गाठलं. तुझी विद्यार्थिनी, जिचा प्रबंध तू अर्धा सोडून गेलास. दुसऱ्या दिवशी तिनं मला प्रयोगशाळेत बोलावलं, त्या मोठ्या फ्रीजरसमोर उभं केलं आणि म्हणाली, "सर, विष्ठेत नुसते जंतू नसतात. आपल्या आतड्याच्या झडलेल्या पेशीही असतात आणि त्यात आपली जनुकं असतात. मी त्या घराच्या डब्यांतली जनुकं थुंकीशी जुळवून पाहिली. सातही डब्यांत एकच बाई आहे."

मी विचारलं, "मिलिंदला ठाऊक होतं?"

"ते गेले त्या आठवड्यातल्या सोमवारी मी त्यांना सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग एकटेच थोडं हसले आणि म्हणाले, सुधाकरला विचारतो."

तो फोन त्या सोमवारचा होता.

तू का हसलास रे? त्या बाईच्या पाहुणचाराला? स्वतःला? की मला आधीपासून ठाऊक असणार हे तुझ्या ध्यानात आलं आणि माझी ती 'वा' आठवली? सांगायचं कुणी? मी सुषमाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं की त्या धाकट्या सूनबाई आता कशा आहेत. दीड वर्षात हा प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता.

परवा आम्ही गेलो. ती आणि मी, तुझ्याच जीपमधून. गाडी तिनं चालवली, आणि मी पूर्ण रस्ता एक शब्द बोललो नाही, त्यामुळं तिला माझी तब्येत बरी नसावी असं वाटलं.

आबांनी तुझी बातमी ऐकून टोपी काढली. पाणी पिऊन झालं. मग मी उभं न राहता, हातवारे न करता, आवाज न बदलता सांगितलं की सातही डब्या शांताबाईंच्या होत्या, मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. इतकी वाईट सांगितलेली गोष्ट माझ्या नावावर दुसरी नाही.

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मंग माझी डबी कुठं गेली?"

शांताबाई म्हणाल्या, "उकिरड्यावर."

"बिघडलेल्या पोटानं केली व्हती मी ती," आबा म्हणाले. इतके दुखावलेले की मुलांना मागं वळून हसावं लागलं.

सुषमा हसली नाही. तिनं आबांना शांतपणे सांगितलं की मागच्या वेळी रेखाबद्दल जे सांगितलं ते रद्द समजा. त्यांच्या पोटाबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. जनुकाबद्दल माहीत आहे, कारण थुंकी त्यांचीच होती, आणि ते जनुक दूध नको म्हणतं. त्यांचं पोट दुखतं ते खरोखर दुखतं.

आबांना पटेना. म्हशीचं दूध कुणाला पचत नाही? त्यांनी शांताबाईंकडं बोट केलं. हिला कसं पचतं मग? हिचं जनुक काय वेगळं हाय?

सुषमानं कागद उलटले, थांबली, परत पाहिलं. "वेगळं नाही. शांताबाईंचंही तेच आहे. त्यांचंही नकोच म्हणतं."

सगळ्यांनी शांताबाईंकडं पाहिलं. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, किल्ल्या मुठीत धरून.

"मला बी पचायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"कवा?" आबा म्हणाले.

"लगीन झालं तवा. दोन-अडीच वर्सं. दूध प्यायचं अन् गोठ्याच्या मागं जाऊन बसायचं. मंग कवा थांबलं ते कळलं बी न्हाई." त्या रेखाकडं वळल्या. "मला वाटलं, तुझं बी थांबंल. म्हणून बोलले न्हाई. डबी बी म्हणूनच बदलली. तुझं पोट असलं हाय ते चारचौघांत दिसू नये म्हणून."

मिलिंद, मी तुझ्यासाठी ते ऐकलं. सात डब्यांत एकच पोट होतं, आणि त्या एका पोटापुरतं तरी तुझं म्हणणं उभं राहत होतं. घरानं तिला आपलं करून घेतलं होतं, जनुकाला बाजूला सारून. फक्त त्याला गोठ्यामागची अडीच वर्षं लागली होती, आणि ती तुझ्या तक्त्यात नव्हती, माझ्या गोष्टीतही नव्हती. मी तिथल्या तिथं मनातच तुझ्याशी भांडायला लागलो. तू म्हणाला असतास, एका बाईवर निष्कर्ष निघत नाही. सुषमानं तेच म्हटलं, अगदी तुझ्या सुरात. काहींना थोडं थोडं घेऊन सवय होते, काहींना होत नाही, कुणाला होईल ते आपल्याला अजून नीट सांगता येत नाही. तोवर दही-ताक बघा, त्यातली पुष्कळ साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते. आणि नांदेडला येऊन डॉक्टरांना एकदा दाखवा, दुखण्याला दुसरं काही कारण नाही ना ते कळेल.

तिनं नव्या डब्या वाटल्या. आबांनी आपली स्वतः मागून घेतली आणि शांताबाईंच्या हाती लागणार नाही अशी उशीखाली ठेवली. रेखानं डबी घेतली, उलटसुलट करून पाहिली. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला मी.

"सर, खराब असलं तरी चालंल का?"

मला एकही विनोद सुचला नाही. "चालेल," मी म्हणालो. "तुझंच पाहिजे."

आम्ही तिथंच मुक्काम केला. सकाळी अंगणात पेले आले, सायीचे, वाफाळते. मधल्या सुनेनं सवयीनं एक रेखापुढं धरला. आबा बघत होते.

"मला नको," रेखा म्हणाली.

आबांची मान वर झाली. तोंड उघडलं, त्यांनी सुषमाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आपलाच पेला तोंडाला लावला. शांताबाईंनी तो उरलेला पेला उचलून आत नेला.

मग रेखा आपली डबी घेऊन आली. कुणी धुतलेली नाही, कॅरीबॅगेत गुंडाळलेली नाही, झाकणही जरा वाकडं बसलेलं. सुषमानं हातमोजे घालून ती घेतली, वर नाव लिहिलं आणि बर्फात ठेवली. मी जवळच उभा होतो. लई खराब होतं, मिलिंद. पण तिचं होतं.